परदेशी बाटली आणि पुण्याचा टॅप : काही बिअरची पारख

पुण्या-मुंबईतल्या मोठ्या वाईन शॉपच्या फ्रीजमध्ये आज जर्मनीच्या आणि बेल्जियमच्या बऱ्याच बाटल्या दिसतात, आणि त्यांची किंमत पाहिली की एवढे पैसे मोजल्यावर चवही तेवढीच उत्तम असणार, असे कोणालाही वाटते. हा समज अर्धाच खरा आहे. आयात बिअर आणि इथल्या मायक्रोब्रुअरीतली, म्हणजे छोट्या कारखान्यात बनून तिथेच मिळणारी, ताजी बिअर या दोन्ही गेली काही वर्षे मी आवडीने, आणि शक्य असेल तेव्हा शेजारी शेजारी ठेवून, पीत आलो आहे. त्यावरून माझे मत असे बनले आहे, की ‘आयात’ या शिक्क्यावरून बिअरचा दर्जा ठरवू नये; ती बिअर प्रवास सोसण्यासारखी आहे का, हे आधी पाहावे. काही बिअर महिनोन्‌महिने बाटलीत राहिल्या तरी बिघडत नाहीत, उलट सुधारतात. काहींचा मात्र बोटीतून उतरण्याआधीच जीव गेलेला असतो. पुढे ज्या बिअरविषयी लिहिले आहे त्यांची निवड याच कसोटीवर केली आहे.

बिअरचे तीन शत्रू आहेत : उष्णता, प्रकाश आणि प्राणवायू. युरोपातून निघालेला कंटेनर न्हावाशेव्याला उतरतो, तिथून गोदामात जातो, मग वितरकाकडे आणि शेवटी दुकानात. या साखळीत माल थंड राहीलच अशी हमी नसते. बिअरमध्ये राहून गेलेला थोडासा प्राणवायू उष्णतेत झपाट्याने काम करतो आणि चवीला ओल्या पुठ्ठ्यासारखी एक मरगळ येते. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, सुगंध तर याच्याही आधी उडतो. प्रकाशाचे काम याहून वेगळे आहे. हॉप्सच्या कडूपणातले घटक प्रकाशात फुटतात आणि त्यांतून गंधकाचे एक संयुग तयार होते, ज्याचा अगदी सूक्ष्म अंशही नाकाला चटकन कळतो. तपकिरी काच हा प्रकाश बराच अडवते, हिरवी काच फार कमी अडवते आणि पारदर्शक काच जवळजवळ अडवतच नाही. असे असूनही आपल्याकडची दुकाने हिरव्या बाटल्या नेमक्या पांढऱ्याशुभ्र ट्यूबलाइटच्या फ्रीजमध्ये, पहिल्या रांगेत मांडून ठेवतात. अशाच एका फ्रीजमधून घेतलेली एक नावाजलेली युरोपीय लागर (थंडाव्यात हळू आंबवलेली बिअर) घरी उघडली, तेव्हा पहिला दर्प जळक्या रबराचा आला. बनवणाऱ्याचा त्यात काही दोष नव्हता. दुकानदाराला सांगितले तर तो म्हणाला, “साहेब, इम्पोर्टेड अशीच लागते.” ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती साफ चुकीची आहे.

म्हणून बाटली हातात घेतली की आधी ती उलटी करून मागचे लेबल वाचावे. आयातदाराने चिकटवलेल्या स्टिकरवर आयातीचा महिना असतो आणि मूळ लेबलवर किंवा बाटलीच्या मानेवर ‘बेस्ट बिफोर’ची तारीख छापलेली असते, युरोपीय पद्धतीत ती दिवस, महिना, वर्ष अशा क्रमाने येते. मुदतीचे दोन-तीन महिनेच उरलेली हलकी बिअर सवलतीत मिळत असली तरी घेऊ नये. याच वाचनात आणखी एक गोष्ट कळते. हायनेकेन, कार्ल्सबर्ग, बडवायझर, टुबोर्ग ही नावे परदेशी असली तरी आपल्याकडे मिळणाऱ्या त्यांच्या बाटल्या बहुतेक भारतातच बनतात. याच्या नेमके उलट, बिरा ९१ ही देशी नावाची बिअर २०१५ मध्ये बाजारात आली तेव्हा ती बेल्जियममध्ये बनवून इथे आणली जात होती, आणि पुढे तिचे उत्पादन भारतात सुरू झाले.

आता प्रत्यक्ष पेल्यांकडे वळतो. सुरुवात गव्हाच्या बिअरने करावी, कारण नवख्याला ती सर्वांत लवकर आवडते आणि दोन्ही बाजूंची तुलना इथे सर्वांत स्पष्ट होते. म्युनिकजवळच्या फ्रायझिंग गावातल्या टेकडीवरची वायहेनस्टेफान ही ब्रुअरी आपली परंपरा १०४० सालापासूनची सांगते आणि आज ती बव्हेरिया राज्य सरकारच्या मालकीची आहे. सरकारी कारखाना एवढी सुरेख वस्तू बनवतो, हे आपल्याला पचायला थोडे जड जाते. तिच्या हेफेवाइसबिअरमध्ये, म्हणजे न गाळलेल्या गव्हाच्या बिअरमध्ये (हिलाच हेफेवाइझेन असेही म्हणतात), अल्कोहोल ५.४ टक्के आहे. रंग गढूळ सोनेरी, फेस दाट आणि टिकाऊ, आणि नाकाला आधी पिकल्या केळ्याचा व मागाहून लवंगेचा वास येतो. यात केळेही पडत नाही आणि लवंगही नाही. ही दोन्ही या प्रकारच्या यीस्टची, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवाची, करणी आहे. बाटली चांगली निघाली तर घोट मऊ, किंचित गोडसर आणि शेवटी स्वच्छ लागतो. मात्र अशी बाटली प्रत्येक वेळी मिळत नाही. जुनी झालेली बाटली उघडली तर लवंग मागे पडते, केळे अतिपक्व वाटू लागते आणि मधासारखा एक सुस्त गोडवा उरतो.

याच शैलीची बिअर पुण्यातल्या टॅपवर, म्हणजे ब्रुअरीच्या नळातून थेट पेल्यात घेऊन, प्यायली की फरक लगेच कळतो. महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरीची वाट पाडली ती दूलालीने, २००९ मध्ये, पुण्यातल्या कोरिंथियन्स हॉटेलात; तिथले ब्रूमास्टर ओलिव्हर शाउफ हे जर्मन होते. त्यानंतर शहरात एकामागून एक ब्रुअरी उघडत गेल्या आणि जवळजवळ प्रत्येकीच्या फळ्यावर हेफेवाइझेन दिसतेच. यामागे व्यवहार आहे. ही बिअर दोन-तीन आठवड्यांत तयार होते, तर चांगली लागर टाकीत महिना-दीड महिना जागा अडवून बसते. व्यवहार असला तरी पिणाऱ्याचा त्यात लाभच आहे, कारण आठवडाभरापूर्वी टाकीतून निघालेल्या हेफेवाइझेनमध्ये जो ताजेपणा असतो, तो कितीही नामांकित असली तरी समुद्र ओलांडून आलेल्या बाटलीत सहसा उरत नाही. बारकाव्यात वायहेनस्टेफान आजही वरचढ आहे. आपल्या टॅपवर केळे पुष्कळदा भडक असते आणि लवंग हरवलेली असते. तरीही दहापैकी आठ वेळा मी टॅपच निवडेन, आणि बाटली घ्यायचीच झाली तर नुकत्याच आलेल्या खेपेतली.

बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर मराठी जिभेला आणखी जवळची आहे. हुगार्डन गावातली ही शैली विसाव्या शतकाच्या मध्यावर बंद पडली होती. पिएर सेलिस यांनी १९६६ मध्ये ती पुन्हा सुरू केली. हिच्यात मोड न आणलेला गहू, धने आणि कडू संत्र्याची सुकी साल पडते. धन्यांचा वास आपल्याला फोडणीच्या आठवणीने ओळखता येतो. युरोपीय समीक्षक जिथे ‘मसालेदार, फुलांसारखा’ असे चाचपडत लिहितात तिथे आपण सरळ धने म्हणून मोकळे होतो. उन्हाळ्यातल्या दुपारी, बोंबील फ्रायसोबत, हुगार्डन अतिशय चांगली लागते. तिची मर्यादा हलकेपणा ही आहे, आणि दुसऱ्या पेल्यानंतर तिच्याकडे सांगण्यासारखे फारसे उरत नाही. बिरा व्हाइट त्याच वळणाची, पण अधिक गोड आणि सरळसोट आहे. रोजच्या पिण्याला ठीक, तुलनेला बसवली तर मागे पडते.

आयात बाटलीवर पैसे खर्च करावेत असे मी जिच्याबद्दल निःशंकपणे सांगेन ती श्नायडर वाइसची आव्हेंटिनस. जॉर्ज श्नायडर यांनी १८७२ मध्ये बव्हेरियाच्या राजाकडून गव्हाची बिअर बनवण्याचा हक्क मिळवला, कारण तोपर्यंत तो राजघराण्याकडेच राखीव होता. आव्हेंटिनस ही गडद, जोरकस गव्हाची बिअर त्या घराण्याने १९०७ मध्ये प्रथम बनवली. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीनंतर म्युनिकमधला कारखाना गेला आणि उत्पादन केलहाइमला हलले. अल्कोहोल ८.२ टक्के आहे आणि यीस्ट बाटलीतच असते. हे जिवंत यीस्ट आत शिरलेला प्राणवायू काही प्रमाणात खाऊन टाकते, आणि गडद मॉल्टमुळे (मोड आणून भाजलेल्या धान्यामुळे) येणाऱ्या चवी मुळातच सुक्या फळांकडे झुकणाऱ्या असल्याने जुनेपणाही त्यांत सामावून जातो. म्हणजे ज्या प्रवासाने हलकी बिअर मरते तो हिला मानवतो.

ही बाटली फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटे बाहेर ठेवावी. उंच पेला तिरपा धरून तीन चतुर्थांश बिअर हळू ओतावी, मग उरलेली बाटली हलकेच गोल फिरवून तळाचा गाळ वर आणावा आणि तो फेसावर सोडावा. पेल्यातला लालसर तपकिरी रंग त्याबरोबर ढगाळ होतो. पहिला वास ज्याने वसईची सुकेळी खाल्ली आहे त्याला लगेच ओळखू येईल : वाळवलेल्या राजेळी केळ्याचा तो चिकट, दाट, मधाळ वास. त्यामागून मनुका, खजूर, लवंग आणि अगदी शेवटी कोकोची पुसट कडवट छटा. गोडवा आहे, पण तो घशात साचत नाही, कारण बुडबुडे भरपूर आहेत. अल्कोहोलची ऊब तिसऱ्या घोटानंतर जाणवते. जेवणासोबत ही बिअर मी देणार नाही. जेवणानंतर, गरम पुरणपोळी आणि तुपाबरोबर, एक बाटली दोघांत मिळून प्यावी. माझे हे म्हणणे काहींना पाखंड वाटेल, पण एकदा करून पाहावे.

ड्युवेलचा स्वभाव याच्या उलट आहे. मोर्टगाट घराण्याची ही बेल्जियन बिअर दिसायला लागरइतकी फिकट असते, पण तिच्यात ८.५ टक्के अल्कोहोल आहे, आणि फसवणूक नेमकी इथेच होते. हिच्यासाठीचा ट्यूलिपच्या आकाराचा पेला इतका मोठा असतो की ३३० मिलीची बाटली फेसासकट एकाच वेळी त्यात मावते. त्याच्या तळाशी कोरलेल्या अक्षरावरून बुडबुड्यांची रांग सतत वर येत राहते आणि फेस शेवटपर्यंत टिकतो. चव कोरडी, मिरीसारखी चटपटीत, नासपतीच्या जवळ जाणारी, आणि शेवटचा कडूपणा स्वच्छ. ‘स्ट्राँग’ म्हणजे गोडूस आणि उग्र, अशी आपली बिअर शॉपीवरून झालेली व्याख्या ही बिअर एका पेल्यात मोडीत काढते. बाटलीतच पुन्हा आंबवलेली असल्यामुळे हीसुद्धा प्रवास चांगला सोसते.

चिमे ब्लू ही बेल्जियममधल्या स्कूरमाँ मठातल्या संन्याशांच्या देखरेखीखाली बनणारी बिअर आहे; त्या मठात १८६२ पासून बिअर बनते. ब्लूमध्ये अल्कोहोल ९ टक्के आहे. गडद, अंजिरासारखी, थोडी कॅरमेलची, आणि लेबलवर वर्ष छापलेले असल्यामुळे जपून ठेवण्याचा मोह पाडणारी. ती चांगली आहे यात वाद नाही, परंतु दोहोंतून एक घ्यायची झाली तर मी आव्हेंटिनसच उचलेन. चिमेच्या किमतीत तिच्या कीर्तीचाही वाटा आहे, असे मला दरवेळी वाटते.

आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल ही हॉप्सचा भरपूर वापर केलेली कडू बिअर, मात्र आयात बाटलीत घेऊच नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. या शैलीचा सगळा डोलारा हॉप्सच्या सुगंधावर उभा असतो आणि तो सुगंध बाटलीत काही महिन्यांतच ओसरतो. मग मागे नुसता कडूपणा आणि मॉल्टचा चिकट गोडवा राहतो. आपल्या मायक्रोब्रुअरीसुद्धा हॉप्स बहुतांशी अमेरिका आणि जर्मनीतूनच आणतात, हे खरे आहे. पण ते दाबून केलेल्या गोळ्यांच्या रूपात, हवाबंद पिशवीत आणि थंड ठेवून येतात आणि इथे आल्यावर ताज्या बिअरमध्ये पडतात. हॉप्सनी प्रवास करावा, बिअरने करू नये, ही व्यवस्था पिणाऱ्याच्या दृष्टीने कितीतरी शहाणपणाची आहे. पुण्याच्या मुंढव्यातली इंडिपेंडन्स ब्रूइंग कंपनी आणि गोव्याची गोवा ब्रूइंग कंपनी या दोन्हींकडे हॉप्सविषयी आस्था दिसते. गोव्याच्या कंपनीची ‘एट फिंगर एडी’ ही आयपीए त्या राज्यातच, ताज्या खेपेतली प्यावी. कडूपणा ठसठशीत आहे आणि फळांचा वास त्याला सांभाळून घेतो. इंडिपेंडन्सची ‘फोर ग्रेन सेझाँ’ ही बेल्जियन शेतघरांच्या परंपरेतली, कोरडी आणि किंचित मिरमिरीत बिअर मला तिथल्या आयपीएपेक्षाही अधिक आवडते. एक सूचना इथेच करून ठेवतो : कडक आयपीए आणि तांबडा रस्सा यांची गाठ घालू नये. हॉप्सचा कडूपणा आणि बुडबुडे मिळून मिरचीचा जाळ वाढवतात. तिखटासोबत मॉल्टकडे झुकणारी बिअर बरी.

स्थानिक ब्रुअरीचे खरे काम तेव्हा दिसते, जेव्हा ती परदेशी शैली हातात घेऊन इथला घटक तिच्यात समजून वापरते. पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सची ‘सॉल्टेड कोकम एल’ हे याचे मला माहीत असलेले सर्वांत चांगले उदाहरण आहे. जर्मनीतल्या गोस्लार आणि लाइपझिग परिसरात ‘गोझे’ नावाची आंबट-खारट, धने घातलेली गव्हाची बिअर पूर्वापार बनत आली आहे. आंबट आणि खारट या जोडीला कोकमाहून नैसर्गिक साथीदार कोणता असणार? पेल्यातला रंग कोकम सरबताच्या जवळ जाणारा आहे, आंबटपणा तोंडाला पाणी सुटेल इतकाच, आणि मीठ शेवटी ओठांवर कळते. फळांचा स्वाद घातलेल्या पुष्कळ बिअर सरबतासारख्या गोड होऊन बसतात, तसे इथे होत नाही. सुरमईच्या तुकडीसोबत ही बिअर प्याल्यावर सोलकढीची उणीव भासत नाही, आणि कोकणातल्या माणसाकडून याहून मोठी पावती मिळणे अवघड आहे.

टॅपवर सगळेच आलबेल असते असे मात्र नाही. एका चकचकीत ब्रूपबमध्ये मागवलेल्या फिकट लागरला लोण्याचा ठळक वास येत होता. आंबवण पूर्ण होण्याआधी बिअर घाईने काढली, किंवा टॅपच्या नळ्या वेळच्या वेळी धुतल्या नाहीत, की असा वास येतो. वेटरने पेला बदलून दिला, पण त्याच केगमधून, म्हणजे त्याच पिंपातून. मोठ्या आवाजातले संगीत, उंच छत आणि मागे काचेआड चमकणाऱ्या तांब्याच्या टाक्या यांवर जेवढा खर्च होतो, त्याच्या काही अंशाने जरी नळ्यांच्या स्वच्छतेवर झाला तरी ही तक्रार राहणार नाही. चांगल्या टॅपरूमची ओळख सोपी आहे : मागितल्यावर छोट्या पेल्यात चव दाखवतात, कोणती बिअर कधी टॅपवर चढली हे सांगता येते, आणि एखादी बिअर संपली असेल तर तिच्या नावावर दुसरी खपवत नाहीत. ‘आज कोणती सर्वांत ताजी आहे?’ हा प्रश्न विचारून पाहावा. गोंधळलेला चेहरा हेच त्याचे उत्तर असेल तर साधी बाटलीबंद बिअर मागवून चखण्यावर लक्ष द्यावे.

थंडाव्याविषयीही थोडे लिहायला हवे, कारण आपल्याकडे ‘चिल्ड’ हा एकच निकष चालतो. बर्फाळ बिअर जिभेला बधिर करते आणि खराब बिअर लपवायला ते सोयीचे असते. हलक्या लागरला चार-पाच अंश सेल्सिअस ठीक, गव्हाच्या बिअरला सात-आठ, आणि आव्हेंटिनस किंवा चिमेसारख्या भारी बिअरला दहा ते बारा अंश. फ्रीजरमध्ये गारठवलेला पेला तर कोणत्याच चांगल्या बिअरला देऊ नये. त्याच्या भिंतीवरचे बर्फ वितळून बिअरमध्ये उतरते. पेला साबणाचा अंश न राहू देता धुतलेला आणि ओलसर असला की पुरे.

राहिला पैशाचा प्रश्न. आयात शुल्क, राज्याचे उत्पादन शुल्क आणि लेबलनोंदणीचा खर्च मिळून भारी बेल्जियन किंवा जर्मन बाटलीची किंमत अशी होते, की त्यात टॅपरूममधला एक पाइंट आणि वर थोडासा चखणा निघावा. म्हणून माझी वाटणी ठरलेली आहे. हलकी गव्हाची, हॉप्सची आणि आंबट बिअर टॅपवर. गडद आणि बाटलीत मुरणारी बिअर दुकानातून, तीही फ्रीजच्या उजेडात उभी असलेली पुढची बाटली न घेता, मागच्या अंधाऱ्या खोक्यातून काढून मागितलेली. दुकानदार थोडी कुरकुर करतो, पण देतो.